दोन थोरले

आमच्या घरात थोरले नातू दोन होते आणि धाकटा कोणी नव्हताच. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग समजून घ्यायला बसतो आणि शेवटी माझ्याकडेच संशयाने बघतो. त्यातला एक मी, दत्ता, आणि दुसरा माझा चुलतभाऊ किसन. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा आणि एकाच तिथीचा, श्रावण शुद्ध दशमीचा. घोळ एवढाच की त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. आधी अधिक श्रावण, म्हणजे ज्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात तो, आणि त्याच्यामागून नेहमीचा. आमच्यातला एक जण धोंड्यातल्या दशमीला जन्मला आणि दुसरा महिन्याने, नेहमीच्या श्रावणातल्या दशमीला. पण कोण आधी आणि कोण मागून, हे आमच्या घराला माहीत नव्हतं. जनावरांच्या वेतांचे हिशोब तोंडपाठ असलेल्या घराला हे माहीत नसावं, याचं मला आजही हसू येतं.

झालं असं होतं की दोन्ही सुनांचं ते पहिलं बाळंतपण, म्हणून दोघी आपापल्या माहेरी गेलेल्या. माझी माय पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात आणि काकू कळमनुरीच्या बाजूला. मायच्या माहेराहून मुलगा झाल्याची साखर घेऊन तिथला न्हावी निघाला, तर नदीला पूर आलेला. पूर उतरेपर्यंत तो वाटेवरच्या आपल्या सासुरवाडीला थांबला आणि पूर उतरल्यावरही थांबला, कारण साखरेची पुडी घेऊन आलेल्या जावयाचं तिथे भलतंच कौतुक चाललं होतं. काकूच्या माहेरी म्हणे नेमकं सुतक पडलं, त्यामुळे तिकडचाही निरोप अडकला. शेवटी दोन्ही निरोप्ये एकाच बाजाराच्या दिवशी आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि दोघांनीही ‘श्रावण शुद्ध दशमी’ एवढंच सांगितलं. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, गावचे पाटील होते. त्यांनी एकाच खर्चात दोन्ही नातवांची साखर वाटली आणि ओट्यावरून जाहीर केलं, "दोघंबी थोरले. याच्यावर पुन्ना बोलणं न्हाई." पुढे दिवाळी उलटल्यावर दोघी सुना लेकरं घेऊन परतल्या. दोघींनीही आपलंच लेकरू धोंड्यातलं असल्याचं सांगितलं, पण तोवर निकाल लागून गेला होता आणि आबा आपला निकाल फिरवत नसत.

त्यानंतर दर श्रावणात आम्हा दोघांना एकाच पाटावर, खांद्याला खांदा लावून बसवत. एकाच तबकाने ओवाळत आणि एकाच पातेल्यातली खीर वाढत. मधल्या वर्षांत कधी अधिक श्रावण आला नाही, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. पण आमच्या घराण्याची एक रीत होती. पोराला एकोणीस वर्षं पुरी झाली की त्या वाढदिवसाला त्याला पहिलं पागोटं बांधायचं. मग तो बाप्या माणसांत धरला जाई, पंगतीत पहिल्या ओळीत बसे आणि चावडीवर त्याचं तोंड उघडलेलं चाले. एकोणीसच का, हे कोणी विचारत नव्हतं. पुढे छापखान्यात पंचांगाचे खिळे जुळवत बसलो तेव्हा मला कळलं की एकोणीस वर्षांनी तिथ्या आणि अधिक महिने बहुतेक पुन्हा जिथल्या तिथे येतात. आमच्या पूर्वजांना ते माहीत होतं की त्यांनी आपला एक आकडा ठोकून दिला होता, देव जाणे. पण आमची एकोणीस पुरी होत होती त्याच वर्षी श्रावण पुन्हा दोनदा आला.

या खेपेला पागोट्याबरोबर पाटीलकीही होती. आबांना दोन मुलगे, पण दोघांवरही त्यांचा भरवसा नव्हता. थोरले काका पत्त्यांना लागलेले आणि माझे वडील भजनाला, आणि आबांच्या मते पत्ते परवडले, कारण त्यात माणूस निदान जागा तरी असतो. म्हणून मधली पिढी ओलांडून नातवाला पाटील करायचं त्यांनी ठरवलं होतं. नातू कोणता, तर घरात आधी जन्मलेला. आता आधी जन्मलेला कोण हे कोणाला माहीत नाही, ही अडचण आबांना सुचली नव्हती असं नाही. पण वेळ आली की बघू, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती.

मी तेव्हा वाशिमला आत्याकडे राहून शिकत होतो. आमचं गाव निजामाच्या हद्दीत, तिथे शाळा उर्दूत आणि वाशिम इंग्रजी मुलखात, म्हणून मला तिकडे धाडलं होतं. शिकत होतो म्हणजे मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसणार होतो. शाळेशेजारी एक छापखाना होता आणि माझा सगळा जीव त्या छापखान्यात अडकला होता. शाईचा तो वास, खिळ्यांचे खण, उलटी अक्षरं सुलट वाचण्याची गंमत. मालकांनी मला सांगून ठेवलं होतं, पास हो नाहीतर नापास हो, परीक्षा झाली की इथे ये. मला दुसरं काहीही नको होतं. पाटीलकीचं तर नावच नको, कारण पाटील म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. दौऱ्यावर अधिकारी आला की त्याच्या घोड्याला गवत, त्याला कोंबडी आणि त्याच्या शिपायांना बाजा पुरवायच्या, आणि हिंगोलीच्या कचेरीत बोलावणं आलं की उन्हात उभं राहायचं. त्याबद्दल गाव तुम्हाला रामराम घालतं. किसनला मात्र यातलं सगळं मनापासून आवडे. दौरा येणार म्हटलं की त्याच्या अंगात वारं भरे.

आम्हाला न्यायला आबांनी दमणी पाठवली. गाडीवान हुसेनभाई, आमच्याच गावचे. ते रमजान सोडून वर्षभर पान खात आणि बैलांशी माणसांपेक्षा अदबीने बोलत. गाडीत आत्या, आत्याचे यजमान आणि मी. या यजमानांना आमच्या घरात सगळेच जावईबापू म्हणत, इतके की आम्ही पोरंही त्यांना जावईबापूच म्हणत असू. धोंड्याचा महिना हा जावयाचा महिना. सासुरवाडीने त्याला बोलवायचं, ओवाळायचं, अनारसे आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. जावईबापूंनी त्याच्या तयारीसाठी दोन दिवस जेवण कमी केलं होतं. गाडीत ते अधूनमधून पोटावरून हात फिरवत आणि "आता बराबर झालंय" म्हणत.

आबांनी पागोट्याचं कापड वाशिमहून आणायला सांगितलं होतं. तांबडं, जरीच्या काठाचं, लांबच लांब. पैनगंगा ओलांडली की कनेरगावचा नाका, आणि नाक्यावर नव्या कापडाला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, महसूल पडे. नेसत्या वस्त्राला पडत नसे. जावईबापूंनी नदी दिसताच गाडी थांबवली, ते कोरं कापड सोडलं आणि मला चिखलात उभं करून माझ्या डोक्याला गुंडाळायला घेतलं. त्यांनाही बांधता येत नव्हतं. एक वेढा कानावर, एक भुवयांवर आणि उरलेलं मागे पाठीवर. हुसेनभाई बैलांच्या कानाशी लागून हसत होते. नाक्यावरच्या जमादाराने मला खाली उतरवलं आणि पुढून-मागून बघितलं.

"पागोटा तो नवा दिखता," तो म्हणाला.

"नवा कुठला, याच्या बापाचा आहे," जावईबापू म्हणाले.

"बाप का है तो फिर बाप को बोलो आके बांधने. बच्चे की आँखां बंद हो गए."

मग त्यानेच पुढे होऊन ते माझ्या डोळ्यांवरून वर सरकवलं, मागचा शेव नीट खोचला, "मुबारक हो पाटील" म्हणाला आणि आडवा बांबू उचलला. त्याला सगळं कळलं होतं. आमच्या घराण्याचा तो थोर विधी माझ्यापुरता असा कनेरगावच्या नाक्यावर, चिखलात उरकला. डोकं जड झालं, कान तापले आणि गाव येईपर्यंत मान दुखायला लागली. पाटीलकी कशी लागते ते मला तेवढ्यात कळून चुकलं.

नाक्यावरून आत, नरसीच्या वाटेला आमचं गाव. काळ्या मातीचा चिखल चाकांना असा धरत होता की शेवटचा टप्पा आम्ही गाडी ढकलतच पार केला. घरात शिरलो तर मागच्या अंगणात तीन चुली पेटलेल्या. तुपाचा आणि गुळाचा वास वेशीपर्यंत आला होता. काकू कढईशी अनारसे तळत होती आणि माय परातीत कणीक घेऊन त्यात पुरण भरून धोंडे वळत होती. काकू थोरली जाऊ, म्हणून कढई तिची. माय धाकटी, म्हणून वळणं, लाटणं, उष्टी काढणं तिचं. घरात तिला हाकच ‘धाकले’ अशी होती. तिचं नाव काय हे मला शाळेत घालायच्या वेळी, मास्तरांनी विचारलं तेव्हा कळलं. तिने माझ्या डोक्यावरचं ते विस्कटलेलं तांबडं कापड बघितलं, हातातली कणीक खाली ठेवली आणि बघतच राहिली. ती एवढी खूश झालेली मी पूर्वी पाहिली नव्हती. तेव्हा मला तिचं ते बघणं आवडलं नाही, कारण त्यात काय आहे ते मला कळत होतं.

जावईबापूंना पाटावर बसवून वाढलं. धोंडा फोडायचा, त्यात तुपाची धार सोडायची, मग बोलायचं नाही. ते तिसऱ्यावर आले आणि सहज, तोंडातला घास खाली उतरवता उतरवता म्हणाले, "उद्या दशमी. पण उद्याची दशमी धोंड्यातली. मग या दोघांतला उद्याचा कोण, अन् पुढच्या महिन्यातला कोण?"

ओसरीवर आमचे जोशीबुवा बसले होते. त्यांनी लगेच धागा उचलला. धोंड्यात शुभकार्य करत नाहीत, पण ज्याचा जन्मच धोंड्यातला त्याचा वाढदिवस अडवता येणार नाही, उलट त्याचा खरा वाढदिवस हाच, असा त्यांनी निर्वाळा दिला. म्हणजे उद्या एकालाच बसवायचं. आणि धोंड्यातला म्हणजेच आधीचा, म्हणजेच पाटील.

"आमचा किसन धोंड्यातला," काकू झाऱ्या हातात धरूनच म्हणाली.

"बाई, कायले खोटं बोलता," माय म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी तिचं माहेर येई. "माया दत्ता धोंड्यातला. माया आईनं त्या दिशी धोंडे वळले व्हते."

"तुमच्याकडं बाराही महिने वळत असतील."

एकोणीस वर्षं दोघींच्या पोटात जे काही साठलं होतं ते त्या संध्याकाळी बाहेर पडलं. पुरात अडकलेला न्हावी निघाला, सुतकातला निरोप निघाला, कोणाच्या लेकराला आधी दात आले आणि कोणतं आधी रांगलं तेही निघालं. काका आणि माझे वडील यांनी अनुक्रमे गावात आणि देवळात पळ काढला. किसन आणि मी गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होतो. किसनचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला पायजे का रे?" त्याने मला विचारलं.

"न्हाई."

"मला पायजे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. एवढा दांडगा गडी, पण आबा आपल्याला डावलतील या भीतीने तो त्या रात्री जेवला नाही. मला त्याची कीव आली आणि स्वतःचीही भीती वाटली, कारण माय भांडायला उतरली की हरत नसे.

सकाळी आबांनी आम्हा दोघांनाही ओसरीवर दोन पाटांवर बसवलं. समोर ताटात ते पागोट्याचं कापड, घड्या घालून. पंचक्रोशीतली चार माणसं आलेली, जोशीबुवा, सनईवाला आणि पान जुळवत बसलेले हुसेनभाई. आबांनी दोन्ही सुनांना बाहेर बोलावलं. डोक्यावरून पदर घेऊन दोघी दाराशी उभ्या राहिल्या.

"मला काई ठावं न्हाई, जोशाला ठावं न्हाई," आबा म्हणाले. "ठावं हाय ते तुमाला. आपापल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवा अन् सांगा धोंड्यातला कोण."

आमच्या गावचे लोक कचेरीत देवाची शपथ घेऊन वाट्टेल ते सांगत आणि ना देवाची त्याला हरकत असे ना कचेरीची. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ वेगळी. ती खोटी निघाली तर लेकरू जातं, यावर पाटलापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचा विश्वास होता. शाळा शिकलेल्या माझाही होता. सनईवाल्याने सनई मांडीवर ठेवली.

माय पुढे आली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून गुळाचा वास होता. आता ही बोलणार आणि आपण जन्मभर या ओसरीवर बसणार. छापखान्याचं दार मला डोळ्यांपुढे बंद होताना दिसलं. आबा खाकरले. मग तिने हात उचलला, चटका बसल्यासारखा पदरात ओढून घेतला आणि म्हणाली, "किसन थोरला."

लोकांत कुजबुज झाली. काकूचा तर आनंदच व्हायला हवा होता. पण आबा हट्टी. "आता तू," ते काकूला म्हणाले.

"आता कशाला, तिनं सांगितलं न्हवं," काकू म्हणाली.

"ठेव हात."

काकू किसनच्या पाटापर्यंत आली, हात वर केला आणि तो तसाच अधांतरी राहिला. तिने किसनकडे पाहिलं, मग हात खाली घेतला आणि रडत रडत म्हणाली, "दत्ता थोरला, मामंजी. मला न्हाई जमायचं."

जोशीबुवांनी पंचांग मिटलं. "काल दोन थोरले व्हते," आबा म्हणाले. "आज एकबी न्हाई. आता पाटीलकी काय जावयाला देऊ?" जावईबापू घाईघाईने म्हणाले की त्यांना वाशिमला कामं आहेत.

तेव्हा मी पाटावरून उठलो. "आबा, किसनला बांधा," मी म्हणालो. "मला वाशिमला जायचंय. मला छापखान्यात काम करायचंय."

"तुला कोणी इचारलं?"

"कोणी न्हाई इचारलं. म्हणून तर सांगून राहिलो."

मला वाटलं आता जोडा येतो. पण आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, "एकोणीस वर्षांत हे पोरगं पयल्यांदा कामाचं बोललं." मग त्यांनी ते कापड उचललं. काठाला कनेरगावच्या चिखलाचा एक ठिपका होता, तो त्यांनी आतल्या घडीत घातला आणि किसनच्या डोक्याला वेढे द्यायला घेतले. सनई सुरू झाली. किसनला पागोटं असं शोभलं की जणू तो ते घालूनच जन्मला होता. पुढे त्याने पाटीलकी चांगली केली. पोलीस ॲक्शनच्या आधीचे आणि नंतरचे ते वाईट महिने आले तेव्हा त्याने गावातली एकही चूल विझू दिली नाही, हिंदूची नाही आणि मुसलमानाचीही नाही. हुसेनभाईंचं घर त्याने स्वतः ओसरीवर बाज टाकून राखलं. ते काम माझ्याने झालं नसतं.

दुपारी पंगत बसली. मी पोटभर जेवलो. लाज वाटावी इतका जेवलो. एवढा हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो. आता माझ्या नातवंडांच्या वाढदिवसाला केक येतो, मेणबत्त्या फुंकतात आणि माझ्या तोंडालाही ते पांढरं लोणी फासतात. मी मुकाट्याने फासून घेतो. पण त्या दिवशीच्या अनारशाची जाळी तोंडात विरघळली तसं पुन्हा काही विरघळलं नाही. माय पंगतीत वाढत होती. माझ्या पानाशी आली की वाढायची आणि पुढे जायची. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि माझ्या आनंदात ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनभाईंनी दमणी जुंपली. जावईबापू वाणाचं तबक आणि उरलेले धोंडे यांची नीट व्यवस्था लावत होते. माय फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन गाडीपर्यंत आली. मी वाकून तिच्या पाया पडलो. ती आजूबाजूला कोणी नाहीसं बघून हळूच म्हणाली, "तू धोंड्यातला हायेस, दत्ता. थोरला तूच."

मला आधी कळेचना. म्हणजे रडणाऱ्या काकूने खरं सांगितलं होतं आणि मायने खोटं.

"मग काल तसं काहून न्हाई म्हणालीस?" मी विचारलं. "खरंच होतं तर भ्यायचं काय त्यात?"

"खरं असलं म्हणून काय झालं," ती म्हणाली. "डोक्यावर हात ठेवला अन् तू मला न्हानपणीचा दिसून राहिला, तापात पडलेला. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खरं बी बोलवत न्हाई रे."

तिची समजूत काढावी म्हणून मी म्हणालो, "जाऊ दे माय. बरंच झालं. मला पाटीलकी नकोच होती."

तिने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं.

"तुला नको व्हती," ती म्हणाली. "मला पायजे व्हती."